डिपस्टिक उडते म्हणून ऑइल सील बदलणाऱ्यांसाठी

बारा_नंबर_पाना:
काल एका महाशयांचा सल्ला वाचला. 'ड्रॅगच्या इंजिनाला क्रँककेस व्हेंटिलेशनचे नखरे नकोत. पीसीव्ही काढा, भोकाला बूच मारा, टॅपेट कव्हरवर छोटा ब्रीदर फिल्टर ठोका. तरी ऑइल आलं तर सील बदला.' खाली अंगठ्यांची रांग. (नव्यांसाठी: ड्रॅग म्हणजे ४०२ मीटरची सरळ शर्यत. क्रँककेस म्हणजे इंजिनाचा खालचा, ऑइलचा भाग; तिथला वायू पीसीव्ही नावाचा व्हॉल्व्ह परत इनटेकमध्ये सोडतो.)

अंगठेवाल्यांनो, रन संपल्यावर बॉनेट उघडून कधी बघितलंय का? बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगांतून क्रँककेसमध्ये निसटणारा वायू, नव्या इंजिनातही असतंच. बूस्ट किंवा नायट्रससाठी रिंग गॅप वाढवला असेल तर विचारूच नका. त्या वायूला वाट दिली नाही की तो डिपस्टिक उडवतो, मागचं क्रँक सील ढकलतो, पॅकिंगमधून ऑइल बाहेर काढतो. तुम्ही सील बदललंत, दाब होता तिथेच आहे. नवं सीलही जाणार.

पीसीव्हीची बाजू मी घेत नाहीये. तो मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो आणि फुल थ्रॉटलला व्हॅक्यूम उरतो कुठे? म्हणजे ४०२ मीटरभर, नेमकं बॅक कॉम्प्रेशन सर्वांत जास्त असताना, तो झोपलेला. थ्रॉटल सोडला की जागा होतो आणि ऑइलची वाफ इनटेकमध्ये ओढतो. टर्बोवाल्यांचा व्हॉल्व्ह गळका असेल तर बूस्ट थेट ऑइल चेंबरमध्ये. तेव्हा काढा, जरूर काढा. पण त्याच्या जागी काहीतरी द्या! टॅपेट कव्हरला दोन मोठी तोंडं. बारा नंबरचा पाइप, म्हणजे साधारण पाऊण इंची. तोंडाखाली कव्हरच्या आत बॅफल, म्हणजे ऑइल अडवणारी पट्टी, नाहीतर कॅमने उडवलेलं ऑइल सरळ पाइपात. पाइप मध्ये कुठे लोंबकळता कामा नये, सलग वर चढत जाळीवाल्या कॅचकॅनपर्यंत, म्हणजे ऑइल अडवून धरणाऱ्या डब्यापर्यंत, गेला पाहिजे. कॅन कव्हरपेक्षा उंच, त्यावर मोठा फिल्टर. अंगठ्याएवढा फिल्टर दोन रनमध्ये ऑइलने चिंब होतो, मग त्याचंच बूच बनतं.

घोडबंदर_गियर:
ते महाशय मीच. समोर बोलायला काय झालं होतं?
माझी जुनी होंडा सिटी व्हीटेक, टर्बो नाही, म्हणजे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, छोटाच फिल्टर. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पळवली, एक थेंब सांडला नाही. तुमच्या फिटिंगच्या पैशात मी टायर घेतो. टाइम टायरने कमी होतो, पाइपाने नाही.

बारा_नंबर_पाना:
त्या होंडाच्या ब्लॉकच्या मागे एक ब्रीदर बॉक्स असतो, पीसीव्ही त्याच्याशीच जोडलेला असतो. तिथे बूच मारलंस म्हणजे खालचा सगळा वायू ऑइल परतीच्या वाटांनी हेडमध्ये चढणार. ज्या वाटेने ऑइल खाली उतरायचं, त्याच वाटेने वारा वर. ऑइल हेडमध्ये अडकून राहतं आणि चेंबर रिकामा होतो. थेंब सांडला नाही म्हणतोस, बेअरिंग काढून बघितलंस?

तुर्भे_टर्बो:
दोघेही जुन्या काळात आहात. बेल्टवर चालणारा व्हॅक्यूम पंप लावा, विषय संपला. क्रँककेसमध्ये व्हॅक्यूम असला की हलक्या टेन्शनच्या रिंगा चालतात, घर्षण कमी, पॉवर फुकट.

रबाळे_रिंग:
फुकट? पंप काय हवेवर फिरतो? आणि स्टॉक ऑइल सीलचं काय? त्याची ओठासारखी कड आतला दाब बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेली असते. उलटा व्हॅक्यूम दिला की तिथूनच बाहेरची हवा ओढते, शिटी मारते. डिपस्टिक, ऑइल कॅप, सगळं सीलबंद करावं लागतं. रिलीफ व्हॉल्व्ह नसेल आणि वेट सम्पवर (ऑइल खालच्या चेंबरमध्येच साठतं त्या इंजिनात) पाऱ्याच्या १५ इंचांच्या पुढे व्हॅक्यूम ओढलंस तर पिस्टन पिनला ऑइल मिळायची मारामार. शिवाय १४ इंचाला ऑइल प्रेशरचा काटा सुमारे ७ पीएसआय खाली दिसतो. ते बघून आमच्या इथल्या एका पोराने घाबरून चांगला ऑइल पंप बदलला होता.

तुर्भे_टर्बो:
म्हणजे नीट बसवता येत नाही म्हणून पंप वाईट. बरं.

कळव्याचा_आरएक्स:
आमच्या आरएक्स १०० ला ही भानगडच नाही. ना पीसीव्ही, ना कॅन.

रबाळे_रिंग:
दादा, टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचा चार्ज क्रँककेसमधूनच वर जातो. तिथे ब्रीदर लावलास तर गाडी चालूच होणार नाही. यात अभिमान कसला?

कळव्याचा_आरएक्स:
अभिमान नाही, सुख आहे.

पंख्याखालचा_इंजिनियर:
हेडर इव्हॅकचं कोणीच कसं बोलत नाही? एक्झॉस्टचे पाइप एकत्र येतात त्या कलेक्टरमध्ये ४५ अंशात नळी वेल्ड करायची, मध्ये चेक व्हॉल्व्ह, पाइप टॅपेट कव्हरला. एक्झॉस्टचा वेगच वायू ओढून नेतो. ना बेल्ट, ना पुली.

बारा_नंबर_पाना:
ओपन हेडरला मस्त. मागे सायलेन्सर असेल तर बॅक प्रेशर येतं आणि ओढायच्या ऐवजी ढकलतं. टर्बोच्या आधी तर नावच नको. चेक व्हॉल्व्ह कलेक्टरला चिकटून लावला की जळतो, आणि जळलेला व्हॉल्व्ह बाहेरून साजूक दिसतो. बाकी तुझ्या नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, ओपन हेडरच्या गाडीला माझी हरकत नाही. नाइलाजाने म्हणतोय.

नेरुळचा_रहिवासी:
ओपन हेडर कुठे वाजवता ते आम्हाला माहीत आहे. पाम बीच रोडला शनिवारी रात्री झोप लागत नाही. आणि ही वाफ हवेत सोडायची? कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच क्रँककेसची वाफ परत इंजिनात वळवणं सक्तीचं झालं. तुम्ही २०२० नंतर उलटे चाललात.

बारा_नंबर_पाना:
काका, रस्त्यावरच्या गाडीचा पीसीव्ही काढू नये हे शंभर टक्के मान्य. धागा ट्रेलरवरून ट्रॅकवर येणाऱ्या, फक्त रेसच्या गाडीचा आहे. पाम बीचवर पळवणाऱ्यांना पोलिसांनी उचलावं, मी टाळ्या वाजवीन.

घोडबंदर_गियर:
बरं, समजा तुझं ऐकलं. अ‍ॅल्युमिनियमच्या टॅपेट कव्हरच्या आत बॅफल वेल्ड करणार कोण? ठाण्यात टिगवाला दाखव. ऑनलाइन कॅन मागवला तर आत जाळीच नाही, नुसता पोकळ डबा.

वागळे_रोड_१६:
आता दुखरी नस दाबलीत. आमच्या वडिलांचा लेथ वागळेत होता. समोर ग्राइंडिंग, दोन गाळे सोडून होनिंग, कोपऱ्यावर टिग. बॅफलचं काम चहा संपायच्या आत व्हायचं. एमआयडीसी १९६२ ची, तिच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ही. आज त्या गाळ्याच्या जागी काचेची इमारत आहे, आत कॉल सेंटर. कॅन चीनहून येणार नाही तर काय होणार?

पंख्याखालचा_इंजिनियर:
त्या काचेच्या इमारतीतच मी काम करतो. गाळे मालकांनी स्वतः विकले, आम्ही हुसकावलं नाही.

वागळे_रोड_१६:
विकले? वीज महागली, ऑर्डरी पुण्याला गेल्या, शेजारी टॉवर आला आणि टॉवरवाले आवाजाच्या तक्रारी करायला लागले. ज्याच्या हातात आयुष्यभर मायक्रोमीटर होता, तो माणूस वॉचमनची नोकरी शोधत फिरला. याला विकणं म्हणता?

पंख्याखालचा_इंजिनियर:
मग मी काय राजीनामा देऊ? धागा कशाचा आहे?

तुर्भे_टर्बो:
कारखाने मेलेले नाहीत हो, खाडी ओलांडून इकडे आलेत. रबाळे, महापे, पावणे फिरा. दारावर बोर्ड नसतो, आत सीएनसी असतो. फक्त एक पीस सांगितला की तोंड फिरवतात.

वागळे_रोड_१६:
तेच तर! एक पीस करणारा माणूस गेला. शंभर करणारे आहेत. रेसिंगला एकच लागतो.

रबाळे_रिंग:
एक पीस करणारा आहे. वेळ त्याच्या मर्जीने, आणि कव्हर धुऊन न्यायचं. तेलकट अ‍ॅल्युमिनियमवर टिग धरत नाही, मग तो तुमच्या सात पिढ्या काढतो. व्यनि (खासगी निरोप) करा, इथे नंबर टाकणार नाही.

कळव्याचा_आरएक्स:
मलाही पाठवा. एक्सपान्शन चेंबर (एक्झॉस्टचा फुगीर पाइप) फाटलाय.

घोडबंदर_गियर:
ठीक आहे, मोठा कॅन लावतो, मागच्या बॉक्सलाही पाइप देतो. ट्रॅकवर ऑइल सांडून मागच्याची गाडी फिरवायची नाही, एवढ्याचसाठी. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगची संघटना एनएचआरए ऑइल सांडणाऱ्या टीमला दंड करते हे मलाही माहीत आहे. धागाकर्त्याच्या पांडित्याशी याचा संबंध नाही.

बारा_नंबर_पाना:
पांडित्याला संबंध नकोच आहे. पण कॅनच्या आधी लीकडाउन टेस्ट कर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के निसटते ते बघ. ताज्या रेस इंजिनात पाच टक्क्यांच्या आत यायला हवं. एखादा सिलिंडर वीस दाखवत असेल तर तुझा प्रश्न पाइपाचा नाहीच, रिंगांचा आहे, आणि कॅन फक्त ते लपवेल. आणि डिपस्टिकच्या नळीला एक मॅप सेन्सर (दाब मोजणारा) जोडून पूर्ण रनचा लॉग घे. क्रँककेसमध्ये दाब वाढतोय की नाही ते तुझं-माझं मत नाही ठरवणार. आकडे इथे टाक, चारही सिलिंडरचे.

घोडबंदर_गियर:
कॉम्प्रेसर शेजारच्या टायरवाल्याचा आहे आणि तो सोमवारी बंद असतो. मंगळवारी टाकतो. वीसच्या खाली आले तर हा धागा तुझ्याच हाताने वर आणायचा.