येळवस, वेळा अमावस्या आणि मराठवाड्यातली उत्तर-दक्षिण

विचारणा (वैजापूर)

नोकरीनिमित्त सध्या लातूरला आहे. मार्गशीर्ष संपत आला तशी ऑफिसात एकच चर्चा: "येळवसला गावाकडं चाललालो." या वाक्यातला सणही मला नवा आणि क्रियापदही. येळवस म्हणजे वेळा अमावस्या एवढं कळलं. पण यातलं ‘वेळा’ म्हणजे काय? वेळ, वेल, की आणखी काही? आमच्याकडं हा सण नाही. एकाच मराठवाड्यात एवढा फरक कुठून सुरू होतो?

उत्तर (निलंगा)

आधी सणाचं नाव. याचा वेळेशी काही संबंध नाही आणि वेलीशीही नाही. मार्गशीर्ष अमावस्येला कन्नडमध्ये ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. बीदर, कलबुर्गीकडं हाच सण याच दिवशी शेतात होतो. मराठीत जोड ळ्ळ टिकत नाही, त्याचा ळ झाला. सुरुवातीचा ए बोलताना ये होतो. अमावस्येला ‘अवस’ आपण म्हणतोच. ‘येळवस’ ही अशी सरळ तयार झालेली आहे.

मग ‘वेळा’ कुठून आलं? माझं मत असं की ते शिकलेल्यांच्या लेखणीतून आलं. आमच्याकडं वेळेला येळ, वेगळ्याला येगळं आणि वेलाला येल म्हणतात. त्यामुळं कुणीही ‘येळ’ ऐकलं की ते गावंढळ समजून लिहिताना ‘वेळ’ करायचं. इथं मूळ शब्दात व नव्हताच, तरी तो बसवला गेला. आता कॅलेंडरात आणि सुट्टीच्या परिपत्रकात तेच रूप आहे, त्याला माझी ना नाही. पण शेतातल्या माणसाचं ‘येळवस’ अशुद्ध आणि छापलेलं ‘वेळा अमावस्या’ शुद्ध, असं कुणी म्हणालं तर मला मनापासून वाईट वाटतं. मुळाच्या जवळ शेतातलाच शब्द आहे.

काही जण ‘येळ’ म्हणजे सात असं सांगतात. कन्नडमध्ये ‘एळु’ म्हणजे सात हे खरं, आणि ज्येष्ठाच्या अमावस्येपासून मोजलं तर मार्गशीर्षाची सातवी येते हेही खरं. पेरणीनंतरची सातवी अमावस्या असा अर्थ त्यामुळं लोकांना पटतो. पण सातातला ए दीर्घ आणि ळ एकेरी, तिळातला ए ऱ्हस्व आणि ळ जोड. सणाच्या कन्नड नावात जोड ळ आहे, म्हणून मी तीळच धरतो.

सणाचं स्वरूप तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण शब्द तिथंच जिवंत आहेत. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोप, करायची, तिच्यात पाच पांडव मांडून पूजा करायची. जेवणात भज्जी, आंबील आणि उंडे. भज्जी म्हणजे तुम्हाला वाटतील ती तळलेली भजी नव्हेत. हिरवे दाणे, भाज्या आणि बेसन एकत्र शिजवलेली घट्ट भाजी असते ती. आंबील ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची, मातीच्या बिंदग्यात आदल्या दिवसापासून आंबवलेली. मग शेताला फेरी घालत ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ म्हणत आंबील शिंपडायची. या ओळीचा अर्थ आमच्या आज्यांनाही मराठीत सांगता येत नव्हता, पण म्हणताना त्या अडखळायच्या नाहीत. ओळीचा तोंडवळा कन्नडच आहे.

यात नवल वाटायचं कारण नाही. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबादला जोडले गेले आणि 1982 मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात आले. माझ्या आजोबांच्या पिढीला ‘जिल्ह्याला जाणं’ म्हणजे बीदरला जाणं होतं. सोयरिकी, बाजार, लिंगायत मठ सगळं त्या बाजूला. बसवकल्याण आमच्यापासून लांब नाही.

आता सीमा. माझ्या मते ती जिल्ह्यांच्या नकाशात शोधू नये, बालाघाटात शोधावी. घाटाच्या उत्तरेला गोदावरी. तिला लोक गंगाच म्हणतात आणि काठच्या मुलखाला गंगथडी. दक्षिणेला मांजरा. ती पाटोद्याच्या डोंगरात उगवते, बीदरकडं जाते आणि मग उत्तरेला वळून शेवटी गोदावरीलाच मिळते. बीड हा एकच जिल्हा बघा: गेवराई, माजलगाव गंगथडीत, अंबाजोगाई घाटावर. बोलणं ऐकलं की माणूस कुठला ते कळतं.

आणि ते कळतं क्रियापदावरून. सणाचं नाव नोकरीवाला माणूस चार वर्षांत उचलतो, क्रियापद उचलायला जन्म जातो. तुमच्याकडं ‘काय करू राह्यला?’ आमच्याकडं ‘काय करलालास?’ तुमच्या रूपात ‘राहणे’ आहे, ते खानदेशाला आणि विदर्भाला जोडलेलं आहे. आमच्या रूपात ‘लागणे’ आहे असं मला वाटतं: करू लागलो, करूलालो, करलालो. एकीकडं माणूस कामात राहतो, दुसरीकडं कामाला लागतो. ‘चाललालो’ हे तुम्हाला नवं वाटलेलं क्रियापद त्याच घरातलं.

जोड (गंगाखेड)

निलंगेकरांचं बरंचसं पटलं, पण एकच रेघ ओढू नका. आम्ही मधले. आमच्याकडं ‘करायलो’ चालतं आणि ‘करू लागलो’सुद्धा, तेही नुसत्या चालू कामासाठी, सुरुवात झाली या अर्थानं नव्हे. म्हणजे तुम्ही दाखवलेली मधली पायरी आमच्या तोंडात अजून आहे. नांदेडकडं गेलात तर ‘जायलो, यायलो’. देगलूर-बिलोलीला तेलुगूचा शेजार, तिथला सूर आणखी वेगळा.

दुसरं असं की दक्षिणेकडून आलेला प्रत्येक शब्द घाटावरच थांबला नाही. ‘गुत्तेदार’ घ्या. कन्नडमध्ये गुत्तिगे, तेलुगूत गुत्त, त्याला फारसी ‘दार’. पुण्याचा माणूस ठेकेदार किंवा कंत्राटदार म्हणेल, पण वैजापूरपासून उमरग्यापर्यंत गुत्तेदारच. हैदराबादच्या कचेऱ्यांमधून तो सगळीकडं पोचला. ‘मोंढा’ही तसाच: धान्याचा बाजार संभाजीनगरचा असो, परभणीचा असो की नांदेडचा, तो मोंढाच. सण आणि क्रियापद आपल्याला वेगळं करतात. कचेरी आणि बाजार एकत्र आणतात.

उत्तर (निलंगा)

गुत्तेदाराचं मान्य. ‘करू लागलो’ तुमच्याकडं नुसत्या चालू कामासाठी चालतं, हा माझ्या अंदाजाला मोठा आधार आहे. पश्चिमेचंही बघायला हवं: परंडा, भूम धाराशिव जिल्ह्यात असले तरी त्यांचा बाजार बार्शीचा आणि बोली त्या अंगानं झुकलेली.

वैजापूरकर, या येळवसला कुणी शेतात बोलावलं तर नक्की जा, न बोलावता गेलात तरी चालतं. आणि एक सांगा, तुमच्याकडं कन्नड-सोयगाव तालुक्यांच्या बाजूला अहिराणीचा शेजार सुरू होतो, तिथं ‘करू राह्यलो’चं रूप काय होतं?