कॉर्नियात (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात) रिंग बसवलेली, आता खुपतंय. कोणाला अनुभव?

वैतागलेला_पक्या: डोळ्यात रिंग बसवलेलं कोणी आहे का इथे? माझी बसवून बरीच वर्षं झाली, मस्त चाललं होतं, आता मध्येच कचरा गेल्यासारखं खुपतं, आरशात बघितलं तर रिंगच्या कडेने पांढरं पांढरं दिसतं आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे होतात. रिंग काढावी लागते का आणि काढली तर नजर जाते का एवढंच सांगा. "डॉक्टरला दाखव" सोडून बोला, अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली आहे.

निळाई: मोतीबिंदूत भिंग बसवतात तेच ना? सासूबाईंनाही धूसर दिसायला लागलं होतं, लेझरने मागचा पडदा साफ केला, पाच मिनिटांचं काम. घाबरू नका.

वैतागलेला_पक्या: अहो ताई, ते नाही. कॉर्नियातली रिंग.

बुबुळराव: केराटोकोनससाठी (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो तो आजार) की नुसता नंबर घालवायला? इंटॅक्स या ब्रँडच्या रिंगला अमेरिकेत १९९९ ला परवानगी मिळाली ती कमी मायनस नंबरसाठी, केराटोकोनससाठी २००४ ला. रिंगचा एक अर्धगोल तुकडा की दोन? सी-थ्री-आर (थेंब टाकून अतिनील किरणांनी कॉर्निया कडक करतात ते) झालंय? लाली आहे का? वरून लेन्स घालतोस का? काहीच लिहिलं नाहीस.

वैतागलेला_पक्या: केराटोकोनसच, अजून कशाला बसवेल माणूस. दोन तुकडे. सी-थ्री-आर नाही केलं, रिंग असताना कशाला? लाली थोडी आहे, एका कोपऱ्यात.

बुबुळराव: रिंग कॉर्नियाचा आकार सुधारते, आजार थांबवत नाही. थांबवायचं काम सी-थ्री-आरचं. ते वेगळं बोलू. आधी लाली.

सरळसोट: पांढरं म्हणजे इन्फेक्शन, सरळ आहे. काढून टाक. मी माझी काढली, सुटलो.

बुबुळराव: सरळ नाहीये. रिंगसाठी कॉर्नियात केलेल्या बोगद्यात रिंगला चिकटून पांढरे कण साचतात ते पुष्कळ जणांना असतात आणि बहुतेक वेळा काही करत नाहीत. पण दुखणं, लाली, उजेड सहन न होणं यासोबत पांढरा डाग असेल तर मात्र तुझं खरं. आरशात बघून फरक कळत नाही, डॉक्टरांचं डोळे तपासायचं सूक्ष्मदर्शक, स्लिट लॅम्पच लागतो.

सरळसोट: म्हणजे काढायचीच ना शेवटी!

डोळस_मंदा: व्यायाम करून बघा. लांब-जवळ बघायचं, माझा नंबर उतरला.

सरळसोट: मंदाताई, प्लास्टिकचा तुकडा व्यायामाने आत जात नाही.

हिरवी_वही: मला अगदी असंच खुपत होतं. रिंग उथळ बसली असली किंवा वरचा कॉर्निया पातळ होत गेला की टोक हळूहळू वर येतं आणि बाहेर डोकावतं. डोळे चोळायची सवय असेल तर अजून लवकर. पक्या, चोळतोस का? ड्रॉप्स कुठले चालू आहेत?

वैतागलेला_पक्या: ॲलर्जी आहे, चोळले जातात. ड्रॉप्स म्हणजे ऑपरेशननंतर दिलेले, त्यातली एक बाटली होती.

हिरवी_वही: अरे देवा, ते स्टिरॉइड असणार. बंद कर! इन्फेक्शन असेल तर त्याने चिघळतं, आणि ती बाटली कधीच बाद झाली असणार. आज इमर्जन्सीत जा, पुढच्या आठवड्यात नाही.

निळाई: एमआरआयला चालते का हो ही रिंग? भाच्याला बसवायची म्हणतात.

बुबुळराव: पीएमएमए, म्हणजे प्लास्टिक. धातू नाही, चालते.

वैतागलेला_पक्या: जाऊन आलो. पिवळा रंग टाकून बघितलं, खालच्या तुकड्याचं टोक उघडं पडलंय. इन्फेक्शन सध्या नाही म्हणाले, पण उघडं ठेवलं तर होईल, म्हणून तो तुकडा काढणार. वरचा राहील. पांढरे कण नुसते साचलेले निघाले. आता नजरेचं सांगा ना कोणीतरी.

हिरवी_वही: काढल्याने नजर जात नाही. आकार साधारण आधीच्या जवळ परत येतो, म्हणजे जुना वाकडा नंबरही परत येतो. मी आता स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कडक लेन्स) लावते, छान दिसतं.

सरळसोट: दोन्ही काढायला सांग.

बुबुळराव: धड असलेला तुकडा कशाला काढायचा? पक्या, ऑपरेशनच्या आधीचा टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा) रिपोर्ट असेल तर घेऊन जा, आजार वाढलाय का ते त्याच्याशी ताडून कळेल, आणि सी-थ्री-आरचं तेव्हाच विचार, कॉर्नियाची जाडी पुरते का ते बघूनच सांगतील.

वैतागलेला_पक्या: रिपोर्ट शोधतो. स्क्लेरल लेन्स किती दिवसांनी लावता येते?

हिरवी_वही: जखम भरल्यावर आणि आकार स्थिर झाल्यावर. मला काही महिने थांबवलं होतं. तोवर चोळू नकोस, ॲलर्जीचे ड्रॉप्स लिहून घे.