हिरवी नोकरी नेमकी कोणाची, आणि मोजायची कुठे?

तिरकस (धागाकर्ता)

काल एका सभासदानं मोठ्या उत्साहानं लिहिलं की एखाद्या प्रदेशात हरित रोजगार किती, हे आता बिनचूक सांगता येतं. पुढे टक्केवारी, तीही दशांशचिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत. व्याख्या मात्र अर्ध्या ओळीत उरकलेली: "पर्यावरणपूरक क्षेत्रातले सर्व कर्मचारी". तिथंच उत्तर लिहायला बसलो होतो, पण ते एवढं लांबलं की वेगळा धागा काढावा लागला.

"सर्व कर्मचारी" म्हणजे सोलर पॅनेलच्या कारखान्याच्या गेटवरचा वॉचमनही हिरवा. तोच उद्या शेजारच्या रंगाच्या कारखान्यात लागला की त्याचं हिरवेपण गेलं. शिट्टी तीच, आवक-जावक रजिस्टर तेच. हा विनोद माझा नाही. २०१२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीत खासदार डॅरेल इसा यांनी तिथल्या कामगार सांख्यिकी ब्युरोच्या प्रमुखाला एकेक करून विचारलं होतं: सोलर कंपनीत झाडू मारणारा धरलाय का? सायकल दुरुस्तीच्या दुकानातला कारकून? तेलवाल्यांचा लॉबीवाला, तो पर्यावरणाच्या प्रश्नावर बोलत असेल तर? उत्तरं "हो", "हो" अशीच येत गेली.

आता प्रदेशाकडे या. वीजनिर्मितीचा आंतरराष्ट्रीय उद्योग-कोड बघा, आयएसआयसीची चौथी आवृत्ती, ३५१०. कोळसा, पवनचक्क्या, वर वीज वाहून नेणाऱ्या तारा, सगळं एकाच डब्यात. पाचव्या आवृत्तीत अक्षय ऊर्जा वेगळी काढली आहे, पण मागचे आकडे जुन्याच डब्यात पडलेत. मग एका प्रदेशातले पवनऊर्जावाले वेगळे निवडले कोणी? बहुतेक वेळा देशाचं सरासरी प्रमाण उचलतात आणि प्रदेशाच्या एकूण नोकऱ्यांना लावतात. म्हणजे हा प्रदेश इतरांपेक्षा वेगळा आहे का हे शोधायला निघायचं, आणि तो वेगळा नाही असं धरूनच गुणाकार करायचा. वर दोन दशांश!

खर्डेघाशी

वॉचमनवर हसून झालं असेल तर थोडं कामाचं बोलू. अकरा वर्षं आस्थापनांची सर्वेक्षणं केली आहेत, त्यामुळे हा विषय मला जरा झोंबतो.

ब्युरोनं माणसं नव्हे, माल मोजला होता. आधी ३३३ उद्योग निवडले जिथे हिरवा माल किंवा सेवा निघू शकते, मग सुमारे १ लाख २० हजार आस्थापनांना विचारलं की तुमच्या महसुलातला किती वाटा त्यातून येतो. ३० टक्के महसूल हिरवा, तर ३० टक्के कर्मचारी हिरवे. त्यात वॉचमनचाही तीस टक्के भाग आला, हो. विचित्र दिसतं, पण वॉचमनशिवाय तो कारखाना चालत नाही हेही खरंच ना? आणि ज्यांना हे पटत नव्हतं त्यांच्यासाठी दुसरी पाहणी होती: माल कुठलाही असो, आपल्याच आस्थापनेचं प्रदूषण किंवा ऊर्जावापर कमी करण्यात कामाचा निम्म्याहून जास्त वेळ कोणाचा जातो.

२०११ चा आकडा ३४ लाख, एकूण रोजगाराच्या २.६ टक्के. २०१० चा ३१ लाख. पुढे २०१३ मध्ये सरकारी खर्चकपातीत दोन्ही पाहण्या बंद. मालिका दोनच वर्षांची. आता तिथे त्याच मापानं वाढ झाली की घट, सांगा बघू. फूटपट्टी अर्धा इंच आखूड असली तरी रोज तीच वापरली तर पोर वाढतंय की नाही ते कळतं. तुमच्यासारखे लोक फूटपट्टीच मोडून टाकतात.

एक अनुभव. एका कारखान्यात फॉर्म घेऊन गेलो. हिशेबनीस म्हणाला, "साहेब, शंभर टक्के हिरवं टाका, मालकांना अर्ज करायला बरं पडेल." मी म्हटलं, बिलं काढा. कुरकुरत फाइली काढल्या. तीन तास आम्ही दोघं बिलावरचा माल वाचून दोन ढीग करत बसलो. शेवटी जो आकडा निघाला तो एकोणीस. शंभराचे एकोणीस! व्याख्या लिहिलेली होती म्हणूनच मला ते तीन तास भांडता आलं.

शेवटचा बाक

म्हणजे तो हिशेबनीस त्या दिवशी एकोणीस टक्के हिरवा आणि एक्याऐंशी टक्के लाल होता.

गुंडाळी

मी विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करतो, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरतो. वडीलही तेच करायचे. या धाग्यावर आम्ही कुठे बसतो ते एकदा सांगा.

जळालेली मोटार येते. कव्हरं उघडायची, रोटर काढायचा, कॉइलची एका बाजूची डोकी छिन्नीनं उडवायची, उरलेली तार ओढून काढायची, स्लॉट घासून साफ करायचे, नवा पेपर, नवी तार, मग वार्निश आणि भट्टी. जुनं तांबं वितळायला जातं. बॉडी, शाफ्ट, कोअर (तार ज्यात बसते तो लोखंडी गाभा) सगळं पुन्हा कामाला. नवी घेतली असती तर नवं ओतकाम, नवा पत्रा, नवी वाहतूक. वडिलांनी चाळीस वर्षं हे केलं. आमचा कोड "विद्युत उपकरणांची दुरुस्ती" आणि त्या डब्याला हिरवा रंग द्यायला कोणी आलं नाही. पण आमच्या कामाचा फोटो आपल्या अहवालात छापणारा सल्लागार हिरवा. तो विमानानं येतो.

डेसिबल

गुंडाळीदादा, राग मानू नका, पण ऊर्जा ऑडिट करताना रिवाइंड केलेल्या मोटारींनीच मला सगळ्यात जास्त रडवलंय. जुनी तार सहज निघावी म्हणून कोअरला गॅसच्या टॉर्चची ज्योत लावतात. लॅमिनेशनच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, कोअर लॉस, म्हणजे गाभ्यातच उष्णता होऊन वाया जाणारी वीज, वाढतो, मोटार कायमची गरम चालते. वर कधी हाताशी असलेली बारीक तार भरतात.

हिशेब करा. १५ किलोवॉटची मोटार, पूर्ण भार, वर्षाला ६,००० तास. कार्यक्षमता ९० वरून ८९ वर आली तर वर्षाला साधारण १,१२० युनिट जास्तीची वीज. हे एका मोटारीचं, दर वर्षी. मोटारीच्या आयुष्यभराच्या खर्चात विकत घेण्याची किंमत किरकोळ, सगळा खर्च विजेचा. तेव्हा "वाचवलेलं ओतकाम" चार-दोन वर्षांत फिटतं आणि पुढे नुकसानच. तुमचं काम कष्टाचं आहे, पण कष्टाचं म्हणजे हिरवं नव्हे.

गुंडाळी

"दादा" म्हणायचं आणि डोक्यात दगड घालायचा, छान पद्धत आहे. टॉर्च लावणारा वेगळा आणि मी वेगळा. माझ्याकडे बर्नआउट ओव्हन आहे, तापमान आवरून जुनं इन्सुलेशन जाळणारी भट्टी, ३७० अंशांच्या वर मी कोअर जाऊ देत नाही. तार काढण्याआधी आणि नंतर कोअर टेस्ट करतो, आकडे वहीत लिहितो. आतल्या तारेचा गेज, वेढे, पिच मोजल्याशिवाय एक कॉइल कापत नाही. तुम्ही कधी वाइंडिंगच्या दुकानात वही मागितलीत का, की मीटर लावून लगेच पळालात?

डेसिबल

मागितली होती. वही नव्हती. बारापैकी अकरा ठिकाणी नव्हती.

गुंडाळी

मग बाराव्याचं नाव हिरव्यात लिहायचं होतं.

डेसिबल

बरं, लिहिलं. नीट केलं तर कार्यक्षमता टिकते हे २००३ मध्ये दुरुस्ती व्यावसायिकांच्या ईएएसए आणि एईएमटी या संघटनांनी मोटारी मुद्दाम रिवाइंड करून, तपासून दाखवलंय, तेवढं मान्य करतो. (अभ्यास दुरुस्तीवाल्यांच्याच संघटनांचा होता हे कंसात.) पण खर्डेघाशींना विचारा, तुमचा आणि टॉर्चवाल्याचा कोड एकच. बिलावर दोघंही "मोटार रिवाइंडिंग" लिहिणार. मालावरून तुम्हाला वेगळं कसं काढणार?

शेवटचा बाक

पुढच्या जनगणनेत प्रश्न क्रमांक ३७: भट्टीचं तापमान किती?

खर्डेघाशी

हसा. पण म्हणूनच मी वर दुसऱ्या, प्रक्रियेच्या पाहणीचा उल्लेख केला होता. तो कोणी वाचला नाही, सगळे मोटारीत घुसले.

नदीकाठ

मोटारींच्या खाली मूळ विषय सापडेना म्हणून शोधत आले. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात केमिस्ट म्हणून सहा वर्षं काढली. कुठलीही व्याख्या घ्या, आम्ही पहिल्या यादीत. युरोपची पर्यावरणीय वस्तू-सेवांची लेखापद्धत घ्या, तिथे मुख्य हेतू पर्यावरणरक्षण असावा लागतो, आमचा तोच. म्हणजे शुद्ध हिरवा माल.

आता आतली गोष्ट. बारा तासांची पाळी, कंत्राटी मदतनीस, सहा केंद्रांत मिळून गॅस मीटर एक. एका रात्री पंप अडकला म्हणून एक मुलगा संपमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या खोल टाकीत, उतरला आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याचे हात सुटले. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की सडक्या अंड्याचा वास येणंच बंद होतं, नाक मरतं, त्यामुळे त्याला काही कळलंच नाही. कमरेला दोर होता, म्हणून वाचला. दोर बांधायला मी भांडले होते, म्हणून होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा मुलगा. मोजणीत दोघं मिळून एक हिरवी नोकरी, कारण जागा एकच.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २००८ च्या अहवालापासून म्हटलंय की नोकरी हिरवी म्हणवायची तर ती सन्मानाची, सुरक्षित हवी. २०१३ च्या श्रम सांख्यिकी परिषदेत तर सरळ दोन थर केले: पर्यावरण क्षेत्रातला एकूण रोजगार एक, आणि त्यातला जो सन्मानाचा तेवढाच हरित. तुम्ही सगळे पहिला थर मोजून दुसऱ्याचं नाव देताय.

तिरकस

ताई, तुमचा अनुभव वाईट आहे, पण सुरक्षितता हा कामगार कायद्याचा प्रश्न. तो व्याख्येत कोंबला तर मोजमाप आणखी अवघड होईल. आधीच वॉचमन आवरत नाहीये.

नदीकाठ

अवघड होईल म्हणून मुलगा मोजायचा नाही? दोन दशांशांवर चिडणारे तुम्हीच ना?

तिरकस

चिडतो कारण...

बरं. ते वाक्य चुकलं. मागे घेतो. पण तुमच्या दुसऱ्या थराचा आकडा प्रादेशिक पातळीवर काढायला नमुना कुठून आणणार, ते सांगा. नमुना सर्वेक्षणात एका प्रदेशातली सांडपाण्याची आस्थापनं हाताच्या बोटांवर येतात, त्यात पुन्हा "सुरक्षित की नाही" असे दोन ढीग केले तर ढिगात दोन फॉर्म उरतात.

खर्डेघाशी

हे मात्र खरं बोललात, तारीख लिहून ठेवतो. प्रदेशाच्या बाबतीत आणखी दोन खड्डे आहेत, ज्यांवर धागाकर्त्यांनी मूळ लेखात अवाक्षर काढलं नाही. एक, नोकरी जिथे काम आहे तिथे धरायची की माणूस राहतो तिथे? पवनचक्क्या उभारणारी टोळी बाहेरून येते, आठ महिने राहते, जाते. वेतनपत्रकावर पत्ता मुख्य कार्यालयाचा, तिसऱ्याच प्रदेशातला. दोन, उभारणी आणि देखभाल यांची बेरीज. १०० माणसं एक वर्ष उभारणीला लागली आणि प्रकल्प २५ वर्षं चालला तर ती सरासरी चार नोकऱ्या आहेत, शंभर नव्हेत. घोषणेत मात्र शंभर येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोणी मोजत नाही.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच: प्रदेशासाठी एक बेरीज छापूच नका. माल, प्रक्रिया आणि सन्मानाचं काम, तीन रकाने द्या, प्रत्येकाखाली नमुना किती ते लिहा.

तिरकस

तीन रकाने असतील तर मथळा कसा करणार? काल ज्यानं लिहिलं त्याला एकच आकडा हवा होता. तुमचा उपाय बरोबर आहे आणि म्हणूनच तो कोणी वापरणार नाही. अभिनंदन.

डेसिबल

गुंडाळीदादा, एक शंका राहिली. तुमच्याकडे माणसं किती? खर्डेघाशींच्या प्रक्रियेच्या रकान्यात किती बसतील बघू.

गुंडाळी

तीन. मी, एक कारागीर, एक शिकाऊ पोरगा. पोरगा सकाळी माझ्याकडे ओव्हनवर असतो, वही तोच लिहितो, अक्षर चांगलं आहे. दुपारनंतर चौथ्या गल्लीत दुसऱ्याकडे जातो, तिथे टॉर्च मारतो. पैसे दोन्हीकडचे लागतात त्याला. त्याचा अर्धा कुठल्या रकान्यात टाकायचा ते तुम्ही ठरवा, माझी भट्टी उतरवायची वेळ झाली.