पंधराशे रुपयांसाठी पोरं सोडून जातात?

भोसरीकर:
दिवाळीचा बोनस हातात पडला आणि आठवड्याभरात माझ्या वर्कशॉपमधले दोन मशीन ऑपरेटर चाकणच्या कंपनीत गेले. दोघेही आयटीआय झालेले, बावीस-तेवीस वर्षांचे. पगारात फरक पंधराशेचा. माझ्याकडे चहा-नाश्ता होता, अडीनडीला उचल होती, गणपतीला सुट्टी होती. आम्ही उस्तादाच्या शिव्या खाऊन लेथ शिकलो. हल्लीच्या पोरांना पैशापुढे काही दिसत नाही, हे माझं मत. चुकत असेन तर सांगा.

दुसरीपाळी:
चुकताय. मीही असाच सोडून गेलेला. पहिल्या कंपनीत दोन वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, जॉब (घडवायचा भाग) लाव, बटण दाब, जॉब काढ. ऑफसेटला, म्हणजे मशीनमधल्या टूलच्या मापांना, हात लावला की मशीनचं सेटिंग करणारा सेटर अंगावर यायचा. एकदा बोअर (जॉबमधलं भोक) लहान येतोय हे मी पकडलं, इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, झिजला होता. शाबासकी सेटरला! नव्या ठिकाणी पगार हजारानेच जास्त, पण तिसऱ्या महिन्यात फर्स्ट पीस, म्हणजे नव्या सेटिंगचा पहिला जॉब, मला काढायला लावला. त्या रात्री झोप लागली नाही, खरंच. तुमच्या त्या दोघांना सेटिंग कोणी शिकवत होतं का?

एचआरताई:
अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गने १९५९ सालीच हे मांडलंय. पगार कमी पडला तर माणूस कुरकुरतो, पण वाढवला म्हणून कामात जीव ओततोच असं नाही. त्यासाठी जबाबदारी लागते, केलेल्या कामाची दखल लागते.

खोलीभाडं:
ताई, त्यांनी विचारलं कोणाला? पिट्सबर्गकडच्या दोनशेक इंजिनिअर आणि अकाउंटंटना. त्यांच्या दारात घरमालक उभा नसावा. आम्ही एका खोलीत चौघं राहतो, गावी दर महिन्याला पैसे पाठवायचे असतात. पंधराशेत माझा अर्ध्या महिन्याचा डबा होतो. आणि "शिकायला मिळेल" हे वाक्य मी तीन मुलाखतींत ऐकलं, तिन्ही वेळा पगार विचारल्यावरच. ओव्हरटाइमचा दुप्पट दर १९४८च्या कारखाना कायद्यापासून चालत आलाय. माझे आधीचे शेठ सिंगलच द्यायचे, वर म्हणायचे, कंपनी आपलं घर समज.

दुसरीपाळी:
पैसे नकोत असं मी कुठे म्हटलं? हजार जास्त घेतलेच की. पण नुसत्या हजारासाठी मी एवढ्या लांब गेलो नसतो.

भोसरीकर:
सेटिंगचं विचारलंत म्हणून खरं सांगतो. नाही शिकवलं. शिकवलं की पोरगं दुप्पट मागतं, नाहीतर दुसरीकडे जातं.

दुसरीपाळी:
न शिकवताही गेलेच की, साहेब.

भोसरीकर:
तेही आहेच. एक पोरगा उरलाय, त्याला सोमवारपासून सेटरजवळ उभा करतो. पण सुरुवातीचे चार-सहा जॉब स्क्रॅप होणार, त्याचं काय?

खोलीभाडं:
त्याच्या पगारातून कापू नका म्हणजे झालं.