मंडळाची शिल्लक गेट-कॅमेऱ्यांवर घालवायची की पुराच्या तयारीवर?

खालची गल्ली (धागा सुरू करणारी)

येत्या रविवारी आमच्या कॉलनीच्या नागरिक मंडळाची सर्वसाधारण सभा आहे. मी मंडळाची खजिनदार. शिल्लक दोन लाख साठ हजार आहे, सहा वर्षांची वर्गणी साठून झालेली. विषयपत्रिकेवर एकच मोठा विषय आहे: कॉलनीच्या तोंडाला लोखंडी गेट आणि आठ कॅमेरे. कोटेशन दोन लाख दहा हजारांचं. म्हणजे उरतात पन्नास हजार, आणि मे संपत आलाय.

आमची कॉलनी कोल्हापुरात, जयंती नाल्याच्या अंगाला आहे. वरची गल्ली चढावर, आमची उतारावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या हॉलमध्ये छातीएवढं पाणी होतं आणि ते दिवसेंदिवस हललं नाही. २०२१ च्या जुलैत तर रात्री जेवून झोपलो आणि पहाटे पायाला गार लागलं. दोन्ही वेळा पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. हे आकडे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहेत.

मला चोरीचा प्रश्न खोटा वाटत नाही. पण मंडळाकडं पैसा एकदाच आहे. तो आधी पुराच्या तयारीला लागावा असं माझं ठाम मत आहे. तळमजल्यांच्या ड्रेनेज चेंबरला झडपा, एक पंप, एक जनरेटर, लाईफ जॅकेटं, जमलं तर रबरी बोट, आणि कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलेलं आहे याची यादी. गेल्या सभेत कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या उंचीवर दोन तास चर्चा झाली आणि चेंबरवर दोन मिनिटंही नाही. आलमट्टीचं दार काही आपल्या हातात नाही, चेंबरचं झाकण आहे.

तुमच्या कॉलन्यांमध्ये काय करता? आणि मी चुकत असेन तर कुठं चुकते, तेही स्पष्ट सांगा.

---

वरची गल्ली

ताई, तुमच्याच कॉलनीतला आहे, ओळखलं असेलच. तुमचं घर बुडालं तेव्हा तुमची तिजोरी आणि शिलाई मशीन आमच्या गच्चीवर होती, त्यामुळं वरच्यांना खालच्यांचं काही पडलेलं नाही असं कुणी म्हणू नये.

पण हिशोब सरळ आहे. पूर पाच-सात वर्षांतून एकदा. चोरी रोजची. गेल्या वर्षभरात आपल्या दोन गल्ल्यांतून तीन मोटारसायकली गेल्या, त्यातली एक माझ्या वडिलांची. सापडली ती समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात पोरगा दिसला म्हणून. बाकी दोन्हींचा आजवर पत्ता नाही. तिसऱ्या प्लॉटमध्ये एकट्या राहणाऱ्या काकूंच्या गळ्यातलं गेलं, तेव्हापासून त्या संध्याकाळी देवळातही जात नाहीत. भीती मोजता येत नाही म्हणून ती कमी धरायची का?

आणि एक सांगतो. पुरात लोक घर सोडायला का तयार नसतात? पाण्याला घाबरत नाहीत म्हणून नव्हे, मागं घर फुटेल म्हणून. २०१९ ला आपल्याच गल्लीतले चार गडी चार रात्री गच्चीवर बसून होते, राखण करत. कॅमेरे असते तर खाली आले असते.

---

खालची गल्ली

तिजोरीचं मी जन्मात विसरणार नाही. पण भाऊ, पाणी चढलं की पहिली लाईट बंद होते, करावीच लागते. ज्या रात्री राखणीची गरज, त्याच रात्री तुमचे आठही कॅमेरे आंधळे. ते चार गडी गच्चीवर बसले होते त्यांच्याजवळ बॅटरी होती, एवढंच.

---

वरची गल्ली

मग बॅकअप बसवू. तुम्हाला विरोधच करायचा असेल तर प्रत्येक गोष्टीत खोट निघेल.

---

निवृत्त ओव्हरसियर

दोन्हीकडचं वाचलं. उभी नोकरी पाण्याच्या कामात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी "पाच-सात वर्षांतून एकदा" याबद्दल. पूररेषा दोन असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेल्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेल्या पुराची. याचा अर्थ एकदा आला की पुढची पंचवीस वर्षं सुटका, असा नाही. दरवर्षी फासा नव्यानं पडतो. २००५, २०१९, २०२१ ही वर्षं बघा. चौदा वर्षं काही नाही, आणि मग दोन वर्षांत दोन. वरच्या गल्लीनं हा आकडा वादात वापरू नये.

आता खालच्या गल्लीला. तुमच्याकडं नदी रस्त्यावरून येत नाही. जयंती नाला पंचगंगेला मिळतो. नदी चढली की नाल्याला पुढं जागा राहत नाही, तो फुगतो आणि मागं सरकतो. रस्त्यावर पाणी दिसायच्या आधी ते ड्रेनेजमधून तुमच्या मोरीत येतं. म्हणून झडप हा विचार बरोबर आहे. प्लंबरकडं नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणून मागा. पण तिची मर्यादा कुणी सांगत नाही, ती अशी: झडप बंद झाली की बाहेरचं आत येत नाही, तसं आतलंही बाहेर जात नाही. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश ओढला तर ते तळमजल्याच्या मोरीतून वर येणार. म्हणजे झडप बसवायची तर अख्ख्या इमारतीनं ठरवावं लागतं की या आकड्याला पाणी आलं की वरचे संडास-बाथरूम बंद. पाणी उंबऱ्यावरून आत आलं की झडपेचा उपयोग संपला. ती देते फक्त सुरुवातीचे काही तास. त्या तासांत सामान वर जातं, म्हातारी माणसं बाहेर पडतात. त्यासाठी पैसे घालायला हरकत नाही. दर उन्हाळ्यात उघडून साफ केली नाही तर मात्र केसांनी आणि चिंध्यांनी अडकून उघडीच राहते.

बोट घेऊ नका. रबर पडून पडून कुजतं. ओढ असलेल्या पाण्यात न शिकलेल्या माणसानं बोट घालणं म्हणजे वाचवायला आणखी दोघं वाढवणं. आपत्ती दलाची शिकलेली माणसं येतात. त्यांना कुठल्या घरात जायचं हे सांगणारा माणूस लागतो.

गेटबद्दल एकच. मंजूर लेआउटमधला रस्ता सार्वजनिक झाला असेल तर त्यावर गेट घालायचा मंडळाला अधिकार नाही. आधी कागद बघा.

---

शाहूपुरी

मला मुळातच हा विषय पटत नाही. घरफाळा भरायचा, पाणीपट्टी भरायची आणि पुराची तयारीही वर्गणीतून करायची? नाले, गटारी, मैला वाहून नेणं ही महानगरपालिकांची बंधनकारक कर्तव्यं आहेत, १९४९ च्या अधिनियमात कलम ६३ मध्ये लिहिलेली. कोल्हापूरनं टोल घालवला तो काय वर्गणी काढून टोलची रक्कम भरून? रस्त्यावर उतरून घालवला, वर्षानुवर्षं झुंजून, २०१५ पर्यंत. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं, तेही किती वर्षांच्या रेट्यानंतर. मंडळानं दबाव आणायचा असतो. झडपा विकत घेत बसलात तर उद्या रस्त्याचं डांबरही तुम्हीच घाला म्हणतील. आणि ज्या वस्तीला वर्गणी परवडत नाही तिनं काय करायचं?

---

खालची गल्ली

शेवटचा प्रश्न मला झोंबला, कारण नाल्यापलीकडं अशी वस्ती आहे आणि तिच्यासाठी आमचं मंडळ काहीच करत नाही.

पण दबाव आणि झडप यांत भांडण कुठं आहे? टोलचं आंदोलन चाललं तेव्हा टोल चार वर्षं उशिरा गेला तरी कुणाच्या मोरीतून पाणी आलं नाही. जुलैला तेवढी उसंत नसते. निवेदन मी लिहिते, सह्या मी गोळा करते. माझ्या घरातली चेंबर मात्र माझ्या घरातली आहे, ती कुठल्याच कलमात बसत नाही.

ओव्हरसियरसाहेब, बोट मी यादीतून काढते. वरच्या मजल्यांच्या संडासाचं डोक्यातच आलं नव्हतं.

---

माहेर सुतारवाडा

मी सुतारवाड्यात वाढले. आमच्याकडं मंडळ-बिंडळ काही नव्हतं, शिल्लक तर नाहीच. जामदार क्लबजवळ पाणी आलं की आई एकच शब्द बोलायची, "आलंया." मग पत्र्याच्या पेटीत कागद, पिशवीत दोन दिवसांचे कपडे, शेळी पुढं आणि सगळी गल्ली चित्रदुर्ग मठात. कोण राहिलं हे मोजायची गरज नसायची, कारण कुणाच्या घरात कोण जेवलं नाही हेही ठाऊक असायचं.

कॉलनीत आले तेव्हा मला पहिल्या पावसाळ्यात कळलं की इथं शेजारच्या घरात किती माणसं आहेत हे कुणालाच माहीत नाही. तुम्ही यादी शेवटी लिहिलीत, जनरेटरच्या मागं. ती पहिली घ्या. तिला एक पैसा लागत नाही, पण दारात जाऊन उभं राहावं लागतं.

---

वरची गल्ली

यादीला माझा विरोध नाहीच. बिनपैशाच्या गोष्टी सगळ्या करू. वाद दोन लाखांचा आहे. चौसष्ट प्लॉटपैकी पाणी येतं ते चौदा घरांत. वर्गणी चौसष्टांनी भरलीय. बहुमत जे म्हणेल ते.

---

भाडेकरू, तळमजला

बहुमताचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी तुमच्याच कॉलनीत, खालच्या गल्लीत भाड्यानं राहते. दर महिन्याला भाड्यासोबत मंडळाची वर्गणी मी भरते, पावती मालकांच्या नावानं फाटते. सभेची नोटीस मला कधी आलेली नाही. विचारलं तर सांगितलं, घटनेप्रमाणे सभासद फक्त प्लॉटधारक.

ज्या चौदा घरांत पाणी येतं म्हणता, त्यांपैकी नऊ तळमजल्यांवर आमच्यासारखे भाडेकरू आहेत. २०१९ नंतर ज्यांना जमलं ते मालक वर गेले नाहीतर दुसरीकडं गेले, आणि खालचा मजला भाड्यानं दिला. आम्ही २०२० मध्ये आलो. घर दाखवताना भिंतीला नवा रंग होता. पाणी कुठवर येतं हे कुणी बोललं नाही.

२०२१ च्या जुलैत रात्री अकराला बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज यायला लागला. मला वाटलं चोकअप झालंय. मी वायरनं ढोसत बसले. जाळी आपोआप उचलली गेली आणि काळं पाणी वर आलं. बाळ पाच महिन्यांचं होतं. त्या दिवशी सबंध दुपार शेजारपाजारचे लोक फोनवर "एवढे फूट झाले, तेवढे फूट झाले" म्हणत होते, आणि कसले फूट हेच मला माहीत नव्हतं. मला वाटलं धरणाचं काहीतरी असेल. एकानं जरी दार वाजवून सांगितलं असतं, "बाई, आज इथं झोपू नका," तर माझी कागदपत्रं तरी राहिली असती. भाडेकरार नोंदवलेला नव्हता, त्यामुळं नंतर नुकसान माझं आणि दाखवायला कागद कुणाचाच नाही.

कॅमेरे लावा की झडपा लावा, ठरवणाऱ्यांत आम्ही नाही. मग तुमच्या बहुमतात पाणी कुणाच्या बाजूनं मोजता?

---

निवृत्त ओव्हरसियर

घटनादुरुस्तीला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि मंडळ जिथं नोंदलं असेल तिथं तो पाठवावा लागतो. एका रविवारी होणारं काम नाही. पण सभेला बोलावणं, बोलू देणं आणि मत नोंदवून घेणं याला कुठलीही घटना आड येत नाही.

---

वरची गल्ली

ताई, त्या बाईंचं वाचलं. नऊ घरं भाडेकरूंची आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हणत होतो वरचे विरुद्ध खालचे.

गेट मी सोडतो, रस्त्याचा कागद मीही बघितलेला नाही. कॅमेरे सोडत नाही. आठाऐवजी चार, दोन्ही तोंडांना दोन-दोन. उरलेल्यातून तुमच्या झडपा. हे मी सभेत मांडणार आणि त्यासाठी मतं मागणार. तुम्ही विरोधात बोला, पण काकूंचं नाव घेऊन मी जे सांगितलं त्यालाही उत्तर द्या.

---

खालची गल्ली

काकूंना कॅमेऱ्यानं धीर येणार असेल तर चार कॅमेऱ्यांना मी विरोध करणार नाही. पण क्रम माझा: आधी चौदा घरांच्या झडपा, त्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. कॅमेरे दसऱ्याला बसले तरी चालतील. हा क्रम मी सोडणार नाही, आणि मत द्यायची वेळ आली तर विरुद्ध देईन.

वरच्या मजल्यांनाही लेखी विचारणार आहे. राजाराम बंधाऱ्याला ४१ फूट झाले की फ्लश बंद, कबूल आहे का? नसेल तर झडपांवर पैसा घालण्यात अर्थ नाही.

आणि तळमजल्यावरच्या ताई, पावती तुमच्या नावानं फाडायला हवी होती. पावतीपुस्तक माझ्याकडंच असतं, त्यामुळं ही चूक माझी. या महिन्यापासून तुमच्या नावानं फाडेन, मालकांना मी सांगते. सभा सहाला आहे. तुम्ही पाचला या, बाळाला घेऊन या. यादी आपण दोघी मिळून करू, कारण त्या नऊ दारांपैकी सहा दारांमागं कोण राहतं हे मला माहीत नाही.