सवाईचा मांडव आणि पिठलं-भाकरी
सवाईला, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व शास्त्रीय संगीत महोत्सवाला, लोक गाण्यापेक्षा खायलाच जातात असं कुणीतरी म्हणालं, ते मला अजिबात पटलं नाही. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. पूर्वी रमणबाग शाळेच्या मैदानावर शेवटचं सत्र रात्रभर चालायचं. पहाटेच्या गारठ्यात सतरंजीवरून उठायचं, शाल घट्ट लपेटून वाफाळता चहा घ्यायचा आणि कप हातात तसाच धरून तोडी रागातल्या कोमल रिषभावर (उतरलेल्या 'रे' स्वरावर) मित्रांशी वाद घालायचा! (रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याच्या नियमानं ते सुख गेलं, अजून हळहळ वाटते.) आता महोत्सव भरतो त्या मुकुंदनगरच्या मांडवाबाहेर पिठलं-भाकरी खातानाही आमच्या गप्पा गाण्याच्याच असतात. विलंबित ख्याल (संथ लयीतलं गाणं) रंगात आलेला असताना मात्र कृपया उठू नका. एका कलाकारानंतर दुसऱ्यासाठी तबला-तंबोरे बदलेपर्यंत भरपूर वेळ मिळतो, तेव्हा खाऊन घ्या.