मदत हवी आहे: कमांडरच्या बॉनेटखाली टर्बो बसंना, ऑइलचा परतीचा पाईप कुठून काढू?

मंडळी, नमस्कार. अंबाजोगाईकडं डोंगरउतारावर शेत आहे. तिथल्या कामासाठी महिंद्राची जुनी जीप, कमांडर 650 डीआय, नव्यानं बांधायलोय. इंजिन मूळचंच, 2523 सीसी, बिनटर्बोचं. एका पिकअपचा जुना टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) मिळाला. दांड्याला खेळ नाही, पात्यांच्या कडा शाबूत. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डला टर्बो बसवायचा फ्लॅन्ज (जोडपट्टी) लेथवाल्याकडून करून घेतलाय. (कुणी आरटीओचं काढायच्या आधीच सांगतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52, गाडीत बदल करण्याबद्दलचं, माहीत आहे. गाडी बांध ओलांडणार नाही.)

अडचण जागेची. बॉनेट खाली घेतलंय आणि वरून एसीचा कॉम्प्रेसर घातलाय. हौस, दुसरं काय! टर्बो सरळ बसवला की हवेचं तोंड बॉनेटच्या पट्टीला लागतंय. मेस्त्रींनी त्यावर उपाय म्हणून अख्खा टर्बोच फिरवला. आता ऑइल बाहेर पडायचं भोक खाली बघायच्या ऐवजी ब्लॉककडं तिरकं झालंय, अंदाजे 50 अंश. त्याच्याखाली एसीचं ब्रॅकेट, म्हणून इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरपर्यंतचा पाईप जवळजवळ आडवा न्यावा लागायलाय.

मेस्त्री म्हणायलेत, "पंपाचं प्रेशर आहे की, ढकलंल ऑइल." मला ते पटंना. माझ्या समजुतीप्रमाणं प्रेशर बेअरिंगपर्यंतच. पुढं फेसाळलेलं ऑइल आपल्या वजनानंच खाली यायला पाहिजे. तुंबलं तर सीलमधून दोन्ही बाजूंना शिरणार आणि मागं निळा धूर. मेस्त्रींचा हात चांगला आहे, म्हणून वाद वाढवला नाही. पण इंजिन माझं आहे.

दुसरं म्हणजे, टर्बोतून निघणारा सायलेन्सरचा पाईप डिझेल फिल्टरपासून चार बोटांवर येतोय. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच 42 अंश असतंय, त्यात चढावर लोड. पाईपला नुसती उष्णता अडवायची पट्टी गुंडाळून भागंल का?

फ्लॅन्जखाली तुकडा घालून टर्बो उचलू आणि बॉनेट कापू, की एसी हलवू?

प्रतिसाद, परभणीहून

दादा, तुमचं बरोबर आहे, मेस्त्रींचं चूक. पण टर्बो उचलायचीही गरज नाही. टर्बोचे तीन भाग सुटे होतात: मधला कोर (दांडा आणि बेअरिंगचा भाग) आणि दोन्हीकडचे शेल (पात्यांवरची कवचं). कोर असा धरा की ऑइलचं भोक सरळ खाली राहील. फार तर 30-35 अंश कलू द्या, त्यापुढं नाही. मग शेलचे बोल्ट ढिले करून हवेचं तोंड पाहिजे तिकडं फिरवा. सोडताना पात्यांना धक्का नको, वाकली की टर्बो भंगारात.

परतीचा पाईप जाड घ्या, कुठंही झोळ नको. चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर सोडा. खाली सोडला तर तुंबणारच. एसीचं ब्रॅकेट त्यासाठी कापावं लागलं तर कापा.

डिझेल फिल्टर मात्र तिथून उचलाच. पट्टी घाला, मधे पत्राही घाला, पण फिल्टर पलीकडच्या बाजूला न्या. लोडवर तो पाईप 500-600 अंशांवर जातो. एखादं होज गळलं तर पट्टीच डिझेल पिऊन बसंल.

आणि पिस्टन बिनटर्बोचे आहेत, तेव्हा टर्बोच्या हवेचा दाब अर्ध्या बारच्या वर नेऊ नका. धूर दिसेपर्यंत पंपाचं डिझेल वाढवायचा मोह होतोच.

प्रतिसाद, लातूरहून

शेतातल्या गाडीला एसी कशाला मालक? काढून टाका, निम्मं काम तिथंच होतंय.

धागाकर्ता

एसी राहणार, घरात कबूल केलंय! परभणीकर, शेल फिरवून बघितला. तोंड बॉनेटमधून सुटलं, पण वेस्टगेट (जादा धूर टर्बोला टाळून सोडणारी झडप) दांडीनं उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरचं ब्रॅकेट त्याच शेलवर असल्यानं दांडी वाकडी ओढली जायलीय. ब्रॅकेट नवं करून कोरला धरलं तर चालंल का? अन् दांडीची लांबी सेट करताना हवा किती बारला भरून बघायची?